मुंबईत पाहावे काय?

मुंबईत काय पाहावे हे सांगणारी कोणतीही पुस्तिका उघडा. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, चौपाटीची भेळ. उत्सव म्हणाल तर लालबागचा गणपती. ६ डिसेंबर या पुस्तिकांत सहसा नसतो. तो असतो वर्तमानपत्रात, वाहतूक वळवल्याच्या चौकटीत. लाखो माणसे दादरला येतात आणि शहराला त्यांत दिसते ती फक्त गर्दी! ही गर्दी परत जाताना काय घेऊन जाते, हे पाहण्याची तसदी कितीजणांनी घेतली?

मी शाळकरी असताना, १९७४ साली, वडिलांबरोबर प्रथम आलो. चैत्यभूमीचा स्तूप उभा राहून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. दर्शन घेऊन आम्ही शिवाजी पार्कवर गेलो. जमिनीवर चादरी अंथरून पुस्तकविक्रेते बसले होते. वडिलांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी एक पातळ पुस्तिका उचलली, उलटसुलट करून पाहिली, पैसे मोजले आणि ती भाकरीच्या फडक्यात बांधली. परतीच्या पॅसेंजरमध्ये मी ती मोठ्याने वाचली. डब्यातली बायामाणसे सरकून जवळ आली. वाचून संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, "पुन्यांदा वाच, बाळा."

पुढे मी शिक्षक झालो. पण माझा पहिला वर्ग तो डबा होता.

ग्रंथांची ही ओढ एका दिवसात आलेली नाही. तिचा इतिहास याच शहरात घडला. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली. २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे आणि ग्रंथालये काढून शिक्षणाचा प्रसार करणे, हे तिच्या उद्दिष्टांतच होते. जवळच पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे दोन खोल्यांत राहिले. पुढे हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. ७ डिसेंबर १९५६ रोजी अंत्ययात्रा निघाली तीही राजगृहातून, त्या ग्रंथांच्या दारातून!

त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, २ मार्च १९५८ रोजी, दादरलाच पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णा भाऊ साठे. ज्यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची. हा योगायोग मानायचा काय? ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांनीच अक्षराला आपल्या चळवळीचे हत्यार केले.

१९७९ पासून शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. ६ डिसेंबरला त्यांच्यासाठीही रांग लागते. त्या रांगेत अनवाणी माणसे मी पाहिली आहेत. ज्या शहराला त्यांच्या पायांची धूळ दिसते, त्याला त्यांच्या पिशवीतले खंड का दिसू नयेत?

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. यंदा नुसते दर्शन घेऊन परतू नका. दामोदर हॉलच्या परिसरापासून राजगृहापर्यंत पायी चला. मग पार्कवर एखाद्या विक्रेत्याजवळ तासभर बसा. कोण कोणत्या गावाहून आले, त्याने कोणते पुस्तक घेतले, घरी ते वाचणार कोण, हे विचारा आणि लिहून ठेवा. आपल्या वाचनाचा इतिहास आपणच लिहिला नाही, तर उरेल ती वाहतुकीची चौकट!