आजीची गाठ आणि बॉयलरचा कारखाना

मागच्या महिन्यात आजी खोकून खोकून बेजार झाली होती. एका सकाळी बघतो तर बेंबीच्या खाली उजवीकडे ही एवढी गाठ! पहिल्या डॉक्टरांनी हात लावला न लावला आणि निकाल दिला, "हर्निया. ऑपरेशन करून टाकू." दुसऱ्या सर्जननी तिला उताणं झोपवून नुसतं डोकं उचलायला सांगितलं. गाठ तशीच हाताला लागत राहिली. मग त्यांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आजी?"

चालू होती. हृदयाची झडप बदलल्यापासून. (पहिल्यांनी हे विचारलंच नव्हतं. असो.)

घरी येऊन शोधाशोध केली. डोकं उचलायची ही युक्ती मँचेस्टरच्या फोदरगिल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९२६ साली सांगितलेली. स्नायू ताठ झाले की पोटाच्या आतली गाठ त्यांच्याआड लपते, भिंतीतली लपत नाही. पण गंमत अशी की हर्नियासुद्धा भिंतीतूनच बाहेर येतो! म्हणजे आत आतडं आहे की साकळलेलं रक्त, हे नुसत्या हाताने कसं कळणार?

इथे आपली इंजिनिअर मंडळी येतात. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड जुलै १९५५ मध्ये ऑपरेशन करून काढलेल्या गाठी गाडीत घालून रेनफ्रूच्या बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. धातूतले तडे ध्वनिलहरींनी शोधायचं यंत्र तिथे होतं, ते या गाठींवर चालवून पाहिलं. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले! पुढे टॉम ब्राऊन हा विशीतला इंजिनिअर येऊन मिळाला. पोट फुगलेल्या एका बाईंना जठराचा कॅन्सर आहे, आता इलाज नाही, असं सांगून झालं होतं. यंत्राने दाखवलं, ही तर पाण्याची प्रचंड गाठ. ती अंडाशयातून निघाली आणि बाई वाचल्या. डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा लेख १९५८ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि त्याचा विषय पोटातल्या गाठी हाच होता. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला फक्त बाळ आठवतं!

आजीच्या पोटावर प्रोब ठेवून डॉक्टर म्हणाले, "आता खोका." (हे काम तिला छान जमत होतं.) हर्निया असता तर खोकताना भिंतीतल्या फटीतून आतडं किंवा चरबी पुढे सरकताना दिसली असती. फट नव्हतीच. पोटाच्या उभ्या स्नायूच्या आवरणात रक्त साठलं होतं, खोकून खोकून आतली रक्तवाहिनी फाटली होती. रक्त अजून वाहतंय का, ते बघायला सीटी स्कॅनही झाला. नव्हतं वाहत.

हर्निया समजून तिथे सुरी लावली असती तर, त्या गोळीवर... मी तो विचार सोडून दिला. झडपेमुळे गोळी फार दिवस बंद ठेवणंही धोक्याचं, म्हणून चार दिवस आम्ही सगळे रक्ताच्या रिपोर्टकडे डोळे लावून होतो. आता गोळी परत सुरू झाली आहे. गाठ लिंबाएवढी उरली आहे, आणि आजी शेजारच्या काकूंना सांगतेय की तिला हर्निया झाला होता.