६ ऑक्टोबर २०१७ : कोल्हापूरचा अनिकेत विश्वचषकाच्या मैदानात
सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाला २०१७ मध्ये आजच्या दिवशी भारतात सुरुवात झाली. फिफाच्या विश्वचषकात भारतीय संघ प्रथमच उतरला आणि नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आघाडीच्या फळीत होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अमेरिकेने भारताविरुद्धचा हा सामना ३-० असा जिंकला. त्याच दिवशी नवी मुंबईत न्यूझीलंड-तुर्कस्तान लढत १-१ अशी बरोबरीत सुटली. २४ संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने २८ ऑक्टोबरला कोलकात्यात स्पेनला ५-२ ने नमवले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या फुटबॉल संघांवर जीव टाकणाऱ्या आणि शाहू स्टेडियम गर्दीने फुलवणाऱ्या कोल्हापूरच्या पेठांसाठी मात्र ६ ऑक्टोबरचा दिवस अभिमानाचा ठरला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आपला पोरगा देशाच्या जर्सीत विश्वचषक खेळला होता.