गाजर गवताची कुळकथा

गाजर गवत हे गवत नाही आणि त्याचा गाजराशीही काही संबंध नाही. सूर्यफूल नि शेवंतीच्या कुळातलं हे झाड, पानं तेवढी गाजरासारखी. दुसरं नाव काँग्रेस गवत. कोणी म्हणतं पांढऱ्या फुलांमुळे गांधीटोपी आठवली म्हणून, कोणी म्हणतं सरकारने आणलेल्या अमेरिकन गव्हातून आलं म्हणून. आमच्या वाशीमकडची काही जुनी माणसं तर ७२ च्या दुष्काळातल्या मिलोलाच दोष देतात.

आता तारखा बघा. पुण्यात उकिरड्यांवर हे झाड १९५५ साली दिसलं. पी.एल. ४८० चा गव्हाचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे करार व्हायच्या आधीच पाहुणा घरात! आधीच्या एखाद्या धान्याच्या जहाजातून बी आलंही असेल, पण त्या कराराच्या माथी खापर फोडणं मला पटत नाही. मिलो तर त्यानंतर १७ वर्षांनी आला. शाळेत इतिहास शिकवताना मी हेच सांगत असे, आधी सन बघा, मग दोष द्या.

मूळ गाव अमेरिका खंडातलं, मेक्सिकोकडचं. तिथे त्याला खाणारे किडे आहेत, इथे कोणी नव्हतं. एका झाडाला हजारोंनी बिया, त्यामुळे रस्ते, रेल्वेलाईन, धुरे करत ते थेट आपल्या परसात. १९८४ मध्ये बंगळूरला मेक्सिकन भुंगेरे सोडले. ते पावसाळ्यात पानं खातात, पण उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतात.

हे सगळं लिहायचं कारण घरातलंच. सौ.च्या मानेवर आणि हातावर दरवर्षी पुरळ उठून कातडी जाड होते. झाडातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य त्याचं मूळ. परागांनी काहींना दमाही होतो. एकदा अंगाने धरलं की थोड्या स्पर्शानेही त्रास होतो, म्हणून तिला त्या दिवशी अंगणात येऊ देत नाही. दिवाळीला नातवंडं येणार, तीही मातीत खेळणारच.

उपटायचं ते पावसानंतर, माती ओली असताना आणि फुलं यायच्या आत. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला रुमाल. मुळासकट काढायचं, नुसतं कापलं की बुडातून पुन्हा फुटतं. बिनफुलाचं झाड खताच्या खड्ड्यात चालतं. फुलावर आलेलं मात्र न झटकता पिशवीत घालून तोंड बांधायचं. कपडे वेगळे धुवायचे. मिठाचं पाणी फवारा असंही सांगतात, पण परसातली माती नासते, मी नाही करत.

मोकळ्या झालेल्या जागेत मी तरोटा टाकला आहे. तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो, आणि कोवळ्या पानांची भाजीही होते. मुंबईच्या सूनबाईंना तरोट्याची भाजी माहीत नव्हती, आता फोनवर कृती विचारते.