एम.टू स्लॉट

संगणकाच्या मदरबोर्डवरचा, पातळ कार्ड आडवे बसवण्यासाठीचा अरुंद स्लॉट. आज तो मुख्यतः एसएसडीसाठी वापरला जातो. लॅपटॉपमधली वायफाय कार्डेही याच घराण्यातली. एमसाटा या आधीच्या प्रकाराची जागा घेण्यासाठी ही रचना पुढे आली. सुरुवातीला तिला ‘एनजीएफएफ’ म्हणत.

एसएसडी घेताना सर्वात जास्त फसगत याच नावावरून होते. ‘एम.टू आहे म्हणजे वेगवान असणारच’ हा समज चुकीचा आहे. एम.टू एवढे सांगितल्याने कार्डाचा आकार आणि जोडणी कळते, वेग कळत नाही. दिसायला सारख्या दोन कार्डांपैकी एक साटा पद्धतीचे असू शकते आणि दुसरे एनव्हीएमई. साटाची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ५५० मेगाबाइट; एम.टूमध्ये केबल गेली म्हणून ती वाढत नाही. एनव्हीएमई कार्ड बहुधा पीसीआय एक्स्प्रेसच्या चार लेन वापरते. तिसऱ्या पिढीत त्याचा वेग ३,५०० मेगाबाइटच्या आसपास जातो, चौथ्या पिढीत ७,००० च्या. फरक नुसत्या लेनचा नाही. साटा ड्राइव्ह ज्या एएचसीआय पद्धतीने चालतात, ती फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कच्या काळातली: आज्ञांची एकच रांग आणि तिच्यात ३२ आज्ञा. एनव्हीएमईचा पहिला आराखडा २०११ साली आला. त्यात हजारो रांगांची सोय आहे, कारण फ्लॅश मेमरी एकाच वेळी अनेक ठिकाणचे वाचू शकते.

कार्ड हातात घेऊन सोनेरी पिनांची कड पाहावी. तिथे दोन खाचा (‘बी’ आणि ‘एम’) असतील तर ते बहुधा साटा, एकच ‘एम’ खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. दोन लेनच्या काही एनव्हीएमई कार्डांनाही दोन खाचा असतात, तेव्हा खोक्यावरचा शब्द वाचावाच. २२८० हा आकडा मापाचा: रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. लॅपटॉपसाठी घेताना तो आधी तपासावा. काहींत २२३० किंवा २२४२ एवढीच जागा असते.

साटा कार्ड ‘एम’ स्लॉटमध्ये नीट बसते, स्क्रूही लागतो, पण मदरबोर्डने त्या स्लॉटला साटा जोडलेलेच नसेल तर ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतच नाही. ग्राहकाला वाटते, माल खराब निघाला. मॅन्युअलमधला स्टोरेजचा तक्ता यासाठीच पाहायचा असतो. अनेक मदरबोर्डांवर एखादा एम.टू स्लॉट वापरला की एकदोन साटा पोर्ट बंद पडतात, तेही त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले असते.

खोक्यावरचा वेग सलग मोठ्या फायलींचा असतो. विंडोज सुरू होणे, ब्राउझर उघडणे अशा कामांत तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतला फरक सहसा जाणवत नाही. घरगुती पीसीसाठी चौथ्या पिढीवरचे जादा पैसे ५०० जीबीऐवजी १ टीबी घेण्यात घालणे जास्त उपयोगाचे.