'पसार' झालेली बाई

'दोन मुलांची आई पसार.' आमच्या धंद्यात हे हेडिंग तयारच असतं. गावाचं नाव बदलायचं, मुलांचा आकडा बदलायचा, झाली बातमी. इतक्या वर्षांत मीही अशा पुष्कळ लावल्या आहेत. 'दोन मुलांचा बाप पसार' अशी एकही लावल्याचं आठवत नाही. बाप काय, 'कामानिमित्त बाहेरगावी' असतो.

इंग्रजीत अशा बाईसाठी 'बोल्टर' असा शब्द आहे. मूळ शब्द घोड्याचा. लगाम झुगारून उधळतो तो घोडा. नॅन्सी मिटफर्डच्या १९४५ च्या 'द परस्यूट ऑफ लव्ह' या कादंबरीत एका आईला सगळे याच नावाने ओळखतात. ते पात्र बऱ्याच अंशी जिच्यावरून सुचलं, ती लेडी इडिना सॅकव्हिल. जन्म १८९३. पाच लग्नं, पाच घटस्फोट. तिच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवात या आकड्यापासूनच होते.

पण या घरात पहिला पसार कोण झाला? तिचा बाप. आठवा अर्ल डे ला वॉर. बडं सरंजामी घराणं, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचं नाव यांच्यावरूनच पडलेलं. आई मुरिएल म्हणजे रेल्वे बांधणारा अवाढव्य ठेकेदार थॉमस ब्रॅसी याची नात. थोडक्यात, जुनं नाव आणि ठेकेदारीचा नवा पैसा, आपल्याकडेही अशा सोयरिकी होतातच की. बाप एका नटीच्या नादाने घर सोडून गेला आणि १९०२ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्याने बेक्सहिल या समुद्रकाठच्या गावात मोटारींची शर्यत भरवली. ब्रिटनमधली मोटार रेसिंग इथे सुरू झाली, असं ते गाव आजही अभिमानाने सांगतं. त्याला कोणी बोल्टर म्हटलं नाही.

आई मात्र खचली नाही. बायकांच्या मताधिकारासाठी, मजूर पक्षासाठी राबली. ॲनी बेझंटबाईंच्या थिऑसॉफीत आली. बेझंटबाईंनी जे. कृष्णमूर्तींना लहान वयात इंग्लंडला नेलं, तेव्हा मुरिएल आणि तिची मैत्रीण मेरी डॉज यांच्या विम्बल्डनच्या घरात त्यांना आसरा मिळाला. कृष्णमूर्तींवर पोटच्या मुलासारखी माया करणारी दुसरी बाई म्हणजे एमिली लट्यन्स, नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लट्यन्सची बायको. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इडिनाने १९१३ मध्ये युअन वॉलेस या श्रीमंत, देखण्या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. डेव्हिड आणि जेरार्ड अशी दोन मुलं झाली. मध्ये पहिलं महायुद्ध. नवरा आघाडीवर, रजेवर आला की लंडनच्या पार्ट्या. १९१९ मध्ये संसार मोडला. ती गेली, मुलं बापाकडे राहिली, पोरं तेव्हा तीन-चार वर्षांची. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, युअनने दुसरं लग्न केलं. मुलगी कोण? बार्बरा लट्यन्स, त्या एमिलीचीच लेक. म्हणजे घटस्फोटानंतर त्याचाही संसार वर्षभरात नव्याने उभा राहिला. पुढे तो खासदार झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला वाहतूकमंत्रीही झाला. तो 'वॉलेससाहेब' आणि ती बोल्टर.

कायदाही तसाच होता. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याप्रमाणे बायकोचा व्यभिचार नवऱ्याला घटस्फोटासाठी पुरे. नवऱ्याचा व्यभिचार मात्र बायकोला पुरत नसे. सोबत छळ किंवा सोडून जाणं असं काहीतरी सिद्ध करावं लागे. हा भेद १९२३ मध्ये गेला. तरी 'आमचं पटत नाही' हे कारण चालत नव्हतंच. मग दोघांच्या संमतीने नाटक व्हायचं. नवऱ्याने हॉटेलात भाड्याच्या बाईसोबत रात्र काढायची, सकाळी चहा घेऊन येणारी मोलकरीण साक्षीदार. आणि कोर्टातला हा सगळा चिखल पेपरवाले रकाने भरभरून छापायचे. इतका, की १९२६ मध्ये त्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. आमची जात तिथेही तीच.

दुसऱ्या नवऱ्याबरोबर, चार्ल्स गॉर्डनबरोबर, ती आफ्रिकेत गेली. आजचा केनिया. तिसरा नवरा जोसलिन हे तिच्याहून आठ वर्षांनी लहान. त्याच्यासोबत १९२० च्या दशकात वांजोही खोऱ्यात संसार थाटला. हीच ती 'हॅपी व्हॅली'. तिथल्या दारू, पार्ट्या, अदलाबदली यांवर भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात पडत नाही. मला दिसते ती जमीन. त्या उंच, थंड पठारावरून मसाई आणि किकुयू लोकांना हटवून गोऱ्यांना शेकडो एकर वाटले होते. रेल्वे बांधायला आणलेल्या हिंदुस्थानींना, कचेऱ्या चालवणाऱ्या गोवेकर कारकुनांना तिथे जमीन घ्यायला बंदी. त्या खोऱ्यातल्या चटकदार गोष्टींमध्ये हे लोक असतात, पण नोकर म्हणून.

हे तिला सोडून दुसऱ्या श्रीमंत बाईकडे गेला, १९३० मध्ये घटस्फोट. जानेवारी १९४१ मध्ये नैरोबीजवळ गाडीत गोळी लागलेला त्याचा मृतदेह सापडला. खटला चालला, आरोपी सुटला. त्याची आणि इडिनाची मुलगी डायना पंधराव्या वर्षी काउंटेस झाली. इडिनाचं चौथं लग्न डोनाल्ड हाल्डमनशी, पाचवं व्हिन्सेंट सोल्टाऊशी. तीही टिकली नाहीत.

या पाच आकड्यांपेक्षा मला १९३४ हा आकडा जास्त लागतो. त्या वर्षी लंडनमध्ये ती डेव्हिडला भेटली. पंधरा वर्षांनंतर. चार-पाच वर्षांचं सोडलेलं पोर, समोर एकोणीस-वीस वर्षांचा तरुण. आई-लेकाचं नातं नव्याने जुळायला लागलं आणि दुसरं महायुद्ध आलं. जेरार्ड १९४३ मध्ये गेला, डेव्हिड १९४४ मध्ये ग्रीसमध्ये मारला गेला.

इडिना केनियातच राहिली, तिथेच नोव्हेंबर १९५५ मध्ये वारली. तोवर मूळ मालकांचं माऊ माऊ बंड पेटलेलं होतं.

डेव्हिडच्या नातीला, फ्रान्सिस ऑस्बोर्नला, ही आपली पणजी हे शाळकरी वयापर्यंत घरात कोणी सांगितलं नव्हतं. रविवारच्या पेपरात हॅपी व्हॅलीची लेखमाला आली, तेव्हा कळलं. मोठेपणी तिने पणजीचं चरित्र लिहिलं, २००८ मध्ये आलं. माया आहे त्या पुस्तकात. नाव मात्र तिनेही तेच ठेवलं, 'द बोल्टर'.