चौकशी उमेदवाराची की घराण्याची?

पोलीस, रेल्वे किंवा लष्कराच्या भरतीत निवड झाली की चारित्र्य पडताळणीचे कागद ठाण्यात येतात. आमच्या केमसारख्या गावात मग पोलीस पाटलाकडे विचारणा होते. मुलगा कसा आहे यापेक्षा तो कोणाचा आहे, याचीच चर्चा गावात जास्त. एखाद्याच्या चुलत्यावर कधीकाळी गुन्हा नोंदला गेला असेल, तर पोरगा घाबरून अर्जच भरत नाही.

ही भीती आजची नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तिथे जन्मलेले मूल चोरी करण्याआधीच चोर ठरत होते. या कायद्याखाली आलेल्या जमातींत छप्परबंद हा मुस्लिम समाजही होता, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय मात्र उरला.

लष्करही कूळच पाहत होते. १८१८ साली कोरेगावला इंग्रजांच्या फौजेतून लढलेल्या महारांची भरती ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्तापायी १८९०च्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट आली ती १९४१ला.

संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्म आणि जातीबरोबर कुळावरूनही भेदभाव करण्यास मनाई केली. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला पोलीस अहवालातील राजकीय संबंधांवरून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली त्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. तो संघ-जनसंघाशी संबंधित होता, तरी न्याय त्यालाही मिळाला, हे आपण लक्षात ठेवावे. २०१६च्या अवतार सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराने स्वतःबद्दलची माहिती खरी द्यावी, आणि किरकोळ प्रकरणात सरकारनेही तारतम्य ठेवावे.

२००६च्या सच्चर अहवालात आयपीएसमधील मुसलमानांचे प्रमाण चार टक्के दिले आहे. शिक्षणातली गळती हे त्यामागचे मोठे कारण आहेच. पण भीतीपोटी न भरलेले अर्ज कोणत्याच अहवालात मोजले जात नाहीत. म्हणून मुलांना एवढेच सांगावेसे वाटते: स्वतःबद्दल काही लपवू नका, आणि चुलत्याच्या नावाला भिऊन अर्ज कोरा ठेवू नका.