धारावी बेट (डोंगरी–उत्तन)

धारावी बेट : ठाणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचे, साष्टी बेटाला पश्चिमेकडून जवळजवळ चिकटलेले दक्षिणोत्तर बेट. बृहन्मुंबईतील धारावीशी याचा संबंध नाही. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्व-दक्षिणेस मनोरीची खाडी आहे. उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही गावे ठाणे तालुक्यात, तर गोराई व मनोरी मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतात. मधल्या सखल भागात मिठागरे व तिवरे असून भाईंदरहून पक्का रस्ता झाल्यापासून बेटपण नकाशापुरतेच उरले आहे.

बेटाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे डोंगरीचा दगड. येथे सहा कोटी वर्षांहून जुना आम्लधर्मी लाव्हा उघडा पडला आहे. तो निवताना आकसला आणि भेगा पडून त्याचे पाच-सहा बाजूंचे उभे खांब झाले. जवळ जाऊन पाहिले, तर एका खांबाची कड दुसऱ्याला इतकी बेमालूम टेकलेली दिसते की सांधा नखाने शोधावा लागतो. वर आडव्या चिरांनी त्यांचे तुकडे पडलेले असतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच रचनेसाठी जगजाहीर आहे (ती बेसाल्टची). डोंगरीला मात्र तेवढे कौतुक वाट्याला आले नाही. निसर्गानेच घडवून ठेवलेले खांब पहारीने सुटे करायचे आणि उतारावरून खाडीत उभ्या गलबतावर चढवायचे, एवढेच काम उरत असल्याने पाथरवटांना ही खाण सोयीची पडली असावी. पोर्तुगीज अमदानीत ‘वसईचा दगड’ दूरवर जात होता; गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या (१५९४–१६०५) दर्शनी भागाचा दगड वसईहूनच नेलेला आहे. वसईच्या या दगडात डोंगरीचा वाटा मोठा होता, असे मानले जाते. खाणी आज बंद आहेत व उघड्या कातळकड्यांवर झुडपे माजली आहेत.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांना दिली, तिच्याबरोबर साष्टीचा प्रदेशही गेला. चौक येथील किल्ल्यावरून वसईच्या खाडीचे तोंड व समोरचा वसईचा कोट दोन्ही नजरेत येतात. त्यामुळे मराठ्यांच्या वसई मोहिमेत धारावीला मोठे महत्त्व आले. ठाणे मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये घेतले. धारावी चिमाजी अप्पांच्या ताब्यात मार्च १७३९ मध्ये आली आणि मे महिन्यात वसई पडली. इंग्रजांनी १७७४ अखेर ठाणे घेतल्यावर साष्टीबरोबर हे बेटही मराठ्यांच्या हातून गेले. किल्ल्याचा बुरूज व थोडी तटबंदी तेवढी शिल्लक आहे. तारोडीला धारावी देवीचे मंदिर आहे. डोंगरीचे चर्च पोर्तुगीजकालीन असून उत्तन–पालीच्या कोळीवाड्यांत ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती मोठी आहे.

मासेमारी व सुके बोंबील हा मुख्य व्यवसाय. भातशेती थोडी.

मिरा-भाईंदर नगरपालिका १९८५ मध्ये व महानगरपालिका २००२ मध्ये स्थापन झाली. उत्तन, डोंगरी त्यातच येतात. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये १,७५,६०५ होती, २००१ मध्ये ५,२०,३८८ झाली (बेटाचे वेगळे आकडे यात नाहीत). गोराईला २००९ मध्ये विपश्यना पॅगोडाचे उद्‌घाटन झाले. त्याचा खांबाविना उभा असलेला दगडी घुमट जोधपूरच्या दगडाचा आहे. खांबांच्या बेटावर दगड राजस्थानातून यावा, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. मिरा-भाईंदर शहराचा कचरा प्रकल्प उत्तनला आहे. मेट्रो ९ ची कारशेड राई–मुर्धे–मोर्वे येथून डोंगरीला हलवण्याच्या निर्णयामुळे डोंगरावरील हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला व त्याला स्थानिकांनी विरोध केला. खाणींचे जतन व्हावे, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

पायी पाहण्यासाठी हिवाळा योग्य. डोंबिवलीकडून येणाऱ्यांना कोपरहून दिवा–वसई गाडीने वसई रोड व तेथून भाईंदर गाठता येते. ठाण्याहून घोडबंदर रस्ता आहे. भाईंदर पश्चिमेहून उत्तन सुमारे ८ किमी असून महापालिकेच्या बस आहेत. डोंगरी, खाणी, चौकचा बुरूज आणि दक्षिणेस मनोरीपर्यंतची चाल एका दिवसात होते; वाटेवर सावली कमी असल्याने पाणी बरोबर घ्यावे. मनोरीहून मार्वेला जाण्यासाठी फेरीबोट आहे.